चंद्राबाईची उलटी गाठ

चंद्राबाई डावरी होती. ही गोष्ट साऱ्या कोळवाड्यात फक्त तिच्या नवऱ्याला ठाऊक होती, आणि तो ती कुणाला सांगण्यातला नव्हता. त्याची सगळी अब्रू तिच्या त्याच हातावर उभी होती.

माहेरी तिच्या आयेनं तिचा डावा हात चिंधीनं कमरेला बांधून तिला मोठी केली. डाव्या हातानं भाकर थापली की पाठीत धपका. धपक्यांनी पोर सुधारली असं आयेला वाटलं. पोर सुधारली नव्हती, हुशार झाली होती. चारचौघांत उजवा, मागच्या दारी डावा. उजव्या हातानं ती मासळी विकायची, कुंकू लावायची, भांडताना हातवारे करायची. जाळं मात्र डाव्यानं.

आमच्याकडं डोळ्याला डोला म्हणतात आणि जाळ्याच्या भोकालाही डोलाच म्हणतात. शाळेतले मास्तर 'ळ' शिकवून शिकवून बदलून गेले, 'ळ' काही आमच्या जिभेवर चढला नाही आणि त्यावाचून आमचं एक कालवण अळणी राहिलं नाही. तर चंद्राबाईचा नवरा धर्मा हा जाळी सांधणारा नावाजलेला माणूस. पन्नाशीत त्याचे डोले गेले, पण गावाला पत्ता लागला नाही, कारण जाल्याचे डोले सांधले जातच राहिले. धर्मा पडवीत बसायचा, हातात बांबूची सुई, तोंडात विडी. येणारा-जाणारा म्हणायचा, "काय हात हाय धर्माचा!" आणि तो हात मागच्या दारी पाय पसरून, काष्टा खोवून बसलेला असायचा.

सहा वर्षं असं चाललं. मग धर्मा गेला. त्याच्या हातचं म्हणून जे शेवटचं मोठं जाळं होतं, ते हरेश्वर नाखवा आपल्या नावेवर देवासारखं जपायचा. त्या जाळ्यात पापलेटं शिरतात ती धर्माच्या पुण्याईनं, असं तो सांगत फिरायचा. चंद्राबाई ऐकायची आणि पदर तोंडाला लावायची. लोकांना वाटायचं, रडते.

हे एकोणतीस-तीस सालचं. आमचं बंदर श्रीवर्धनच्या खालच्या अंगाला, अंमल नवाबाचा, आणि नावा शिडाच्या. त्या वर्षी सदा खलाशाचा पोरगा हिरामण एकोणीस वर्षांचा होता, आणि अजून कावळे हाकत होता.

हिरामणचे हात जन्मापासून त्याचं ऐकत नव्हते. पाण्याचा तांब्या उचलला तर अर्धं पाणी छातीवर. शाळेत मास्तरांनी त्याच्या उजव्या मुठीत पेन्सिल दिली, ती मोडली. दुसरी दिली, ती मोडली. पाचव्या पेन्सिलीला पाटी फुटली आणि मास्तरांनी त्याला घरी पाठवून दिलं. बोलणंही त्याचं सावकाश. डोकं मात्र चांगलं होतं, हे कुणी विचारलंच नाही म्हणून कुणाला कळलं नाही. बरोबरीची पोरं मिसरूड फुटायच्या आत नावेवर चढली. हा बायकांबरोबर किनाऱ्यावर, सुकत घातलेल्या मासळीवरचे कावळे हाकत. लोक त्याला कावल्या म्हणत.

हरेश्वर नाखव्याचा एक नियम होता. नावेवर नवा माणूस घ्यायचा तर नारळी पुनवेच्या दुसऱ्या दिवशी सगळ्यांसमोर तो कोयतीनं जाळ्याला वीतभर फाड देणार, आणि नव्या माणसानं ती आपल्या हातानं सांधायची. सांधली तर चढ, नाही तर घरी जा. हिरामण दोनदा बसला होता. पहिल्यांदा सूत तुटलं, दुसऱ्यांदा त्यानं आपली करंगळीच जाळ्यात गुंतवून घेतली आणि ती सोडवायला तिघेजण लागले. नाखवा म्हणाला, "सदा, यंदा शेवटलं. पुनवेला जमलं तर नावेवर, न्हायतर जनमभर कावले."

शिमग्याच्या आसपास एका सकाळी चंद्राबाई किनाऱ्यानं चालली होती. एक दगड तिच्या कानाजवळून सूं करत गेला आणि लांबच्या वलांडीवर बसलेल्या कावळ्याच्या बरोबर शेपटीवर लागला. वलांडी म्हणजे मासळी वाळवायची बांबूंची आणि दोरांची मांडणी. तिच्यावरच्या कावळ्याला तेवढ्या अंतरावरून मारायचं म्हणजे पट्टीच्या माणसाचं काम. चंद्राबाई वळली.

"हिरामन, दगूड कंच्या हातानं मारलास?"

त्यानं हात पाठीमागं लपवला. "उ...उजव्या."

"उजव्या हातानं मारला असतास तर माज्या टालक्यात बसला असता. दाव दोनी हात."

त्यानं दोन्ही हात पुढं केले. उजवा कोळंबीसारखा उडत होता. डावाही हलत होता, पण पाण्यावरच्या होडीसारखा, मापात.

"ह्यो हात कुनी बांदून ठेवला व्हता रं?"

"बानं. मास्तरानं. आजीनं."

"लई मानसं लागली," चंद्राबाई म्हणाली. "मना एकटी आये पुरली व्हती. दुपारी मागल्या दारी ये. पुडल्या दारी आलास तर झाडू मारीन."

तिथून शिकवणी सुरू झाली. पहिला महिना तिनं त्याला सुई दाखवलीसुद्धा नाही. फाटक्या जाळ्यांचा एक गुंता होता, सशाएवढा. तो समोर टाकला. "सोडव."

"मना सांदायचं शिकायचंय, काकी."

"सोडवता येत न्हाय त्याला बांदता काय येतंय? बस."

हिरामण बसला. गुंता सुटेना, उलट वाढला. घाम आला, खांदे कानाला लागले, बोटं काठीसारखी ताठ झाली. चंद्राबाई बघत होती. मग तिनं सहज आवाजात हरेश्वर नाखव्याची एक गोष्ट सांगायला सुरुवात केली. तो लग्नाच्या वरातीत घोड्यावर बसला तेव्हा घोडा मागं-मागं चालत कसा परत त्याच्याच दारात आला आणि नवरीच्या आधी नवराच माप ओलांडून घरात कसा गेला. त्यात खरं किती ते चंद्राबाईलाच ठाऊक. हिरामण हसायला लागला. हसता-हसता खांदे खाली आले, आणि बघतो तर हातातली गाठ सुटलेली.

"बगितलंस?" ती म्हणाली. "हसनाऱ्या मानसाच्या खांद्यात जीव थांबत न्हाय, सगला बोटात उतरतो."

हीच तिची विद्या. पुढं ती जवळा निवडायला द्यायची. नखाएवढी ती सुकी कोळंबी, तिच्यातले खडे वेगळे करायचे, पण खडा टाकायचा कुठं? तर मागच्या कुंपणावरून शेजारच्या येसूबाईच्या पत्र्याच्या बादलीत. टण् वाजला की येसूबाई ओरडायची, "कोन हाय रं मेल्या?" दोन बोटांत खडा धरून नेमका सोडायचा, आणि हसू दाबायचं. महिनाभरात हिरामणच्या चिमटीत केससुद्धा राहायला लागला.

येसूबाई ही हरेश्वर नाखव्याची बायको. तिची एक शेळी होती, पांढरी, माजलेली, आख्ख्या कोळवाड्याची वांगी खाणारी. मे महिन्यात चंद्राबाईनं हिरामणच्या डाव्या हातात सुई दिली. ती आपल्या शेजारी त्याला बसवायची, समोर नाही. तिचा हात चालेल तसा त्याचा चालायचा. जाळ्याची गाठ त्याला घालता यायला लागली, पण फक्त मागच्या दारी. कुणी खाकरलं तरी बोटं परत काठी व्हायची.

"तुना घरातली गाठ येतेय," चंद्राबाई म्हणाली. "गावातली येत न्हाय. उद्या दुपारी सगली जेवून आडवी झाली की येसूबायची शेली सोड, आनि दुसरीकडं नेऊन बांद."

"कुटं?"

"कुटं पन. पन गाठ आपलीच घालायची. जाल्याची."

दुसऱ्या दिवशी दुपारी शेळी मारुतीच्या देवळाच्या घंटेला बांधलेली सापडली. मान हलवली की घंटा. पुजारी झोपेतून उठून आरतीला उभा राहिला. तिसऱ्या दिवशी ती जकातीच्या शिपायाच्या खाटेच्या पायाला होती, शिपाई खाटेवर घोरत आणि शेळी त्याचा पट्टा चघळत. पुढं कधी विहिरीच्या रहाटाला, कधी वर ओढलेल्या नावेच्या सुकाणूला. पहिल्या दिवशी हिरामणला ती गाठ घालायला विडी ओढून होईल एवढा वेळ लागला होता. पंधराव्या दिवशी शेळीलाही कळायचं नाही.

कोळवाडा हादरला. हरेश्वर नाखव्यानं स्वतः गाठ तपासली. गाठ म्हणजे त्याला अक्षरासारखी वाचता यायची. जाळ्याच्या गाठीत उजव्या हातानं सूत ओढलं की त्याचं शेपूट एका अंगाला पडतं, डाव्या हातानं ओढलं की दुसऱ्या. धरायला दोन्ही सारख्याच, पण शोधणाऱ्याला फरक दिसतो. नाखव्यानं गाठ उलटसुलट केली आणि त्याचा चेहरा उतरला.

"गाठ उलटी हाय. जित्या मानसाची न्हाय. मेलेली मानसं उलट्या हातानं बांदतात."

झालं. तळा गावाहून भगत आणला. येसूबाईनं त्याच्यासमोर आपला तुरेवाला कोंबडा कापला. भगतानं शेळीच्या गळ्यात काळा दोरा बांधला, लिंबू ओवलेला, आणि त्याला सात बारीक गाठी मारल्या. "आता भुताचा बाप आला तरी हात लावायचा न्हाय," असं सांगून तो कोंबड्याचं कालवण आणि ताडी पोटात घालून येसूबाईच्या पडवीत आडवा झाला.

चंद्राबाई हिरामणला म्हणाली, "सात हायत. बारीक हायत. शेली जिती हाय आनि भगत दोन हातांवर निजलाय. जमलं तर नारली पुनवेचं काय मोठंसं न्हाय."

दुपार कलली तेव्हा भगत उठला. शेळी बिनदोऱ्याची होती. लिंबासकट काळा दोरा भगताच्या उशाशी ठेवलेल्या त्याच्याच काठीला होता, सातही गाठी घातलेल्या, सगळ्या उलट्या. भगतानं काठी बघितली, ती तिथंच सोडली आणि तोंडसुद्धा न धुता तळ्याची वाट धरली.

यात एक चूक होती, ती चंद्राबाईच्या लक्षात आली नाही. खोडी चांगली झाली की माणूस पुढचा विचार करायचा विसरतो, तसंच.

नारळी पुनव झाली. दुसऱ्या दिवशी नावेजवळ वाळूत सगळे जमले. नाखव्याचं लाडकं जाळं पसरलं होतं. एरवी फाड जुन्यापान्या जाळ्याला, पण शेवटच्या पाळीला धर्माच्या पुण्याईचं हेच जाळं, असा त्याचा मान. कोयतीनं त्यानं वीतभर फाडलं. सदा समुद्राकडं तोंड करून उभा राहिला. पोराचं तिसऱ्यांदा फजित होणं त्याला बघवणार नव्हतं. भिकू तांडेल, म्हणजे नाव हाकणारा म्हातारा, जाळ्याच्या कडेला टेकला. हिरामण पुढं आला.

"ये रं कावल्या!" कुणीतरी ओरडलं.

सुई डाव्या हातात घेतली तशी माणसं कुजबुजली. हिरामणचे खांदे वर गेले. बोटं ताठली. सूत डोल्याला लागायच्या ऐवजी हवेतच फिरायला लागलं. चंद्राबाई बायकांच्यात बसली होती. तिनं मान वळवून, अगदी काळजीनं विचारावं तसं विचारलं,

"येसूबाय गो, आज शेली कुटं बांदलीस? न्हाय म्हंजे, घंटा वाजली न्हाय म्हनून इचारलं."

हिरामणच्या नाकातून फुर्र असा आवाज आला. खांदे खाली. आणि मग डावा हात चालायला लागला, हळू, पण चालायला लागला. पाण्यावरच्या होडीसारखा हलत, दर हलण्याला एक गाठ. पाठीमागं कुणाचं हसू ऐकू येईना म्हणून सदानं वळून बघितलं. वीतभर फाड भरून आली होती.

नाखव्यानं दोन्ही हातांनी जाळं ताणलं. एक डोला सरकला नाही. "धरलं," तो म्हणाला, आणि नाराजीनंच म्हणाला. मग त्यानं बोटानं गाठ चाचपली. परत चाचपली. वाकून बघितली.

"ही गाठ," तो म्हणाला, "शेलीची हाय."

मग येसूबाई उठली.

"माजा कोंबडा!"

"येसूबाय, बस..." भिकू म्हणाला.

"काय बस? तुरेवाला कोंबडा व्हता माजा! मेल्या कावल्या, तुना भूत म्हनून मी कोंबडा खाऊ घातला?"

"मी न्हाय खाल्ला," हिरामण म्हणाला. "भ...भगतानं खाल्ला. मना रस्सा पन न्हाय दिला."

माणसं हसायला लागली होती, पण नाखवा हसला नाही. पंधरा दिवस तो त्या गाठीला घाबरून झोपला नव्हता आणि ते सगळ्यांना ठाऊक होतं. "शेलीचं जाऊंदे," तो म्हणाला. "पन उलटी गाठ माज्या नावेवर चालायची न्हाय. डाव्या हाताचं जालं दर्यात टाकलं तर दर्या काय देईल? हे धर्माच्या हातचं जालं हाय. त्यात ही घान? उसव ते, आनि जा कावले हाकायला."

हिरामणनं सुई खाली ठेवली. उसवायला लागला. तेही डाव्याच हातानं, आणि तेही चांगलं.

चंद्राबाई उठली. वाळू झटकली. तिला बोलायचं नव्हतं. नवऱ्याला तिनं सहा वर्षं पडवीत मानानं बसवला होता आणि मेल्यावर पाच वर्षं गावाच्या तोंडी मोठा ठेवला होता. पण पोरानं एक गाठ उसवली होती, दुसरीला हात घातला होता.

"हरेश्वर," ती म्हणाली, "घान कुटं-कुटं हाय ती तरी बगून घे. भिकूदादा, तुज्याखाली जालं हाय त्याची गाठ बग."

भिकू तांडेलाला आता नीट दिसत नव्हतं, पण बोटं शाबूत होती. त्यानं एक गाठ चाचपली. पुढची. हातभर लांबची. मग गुडघ्यांवर रांगत तो जाळ्याच्या दुसऱ्या टोकापर्यंत गेला, आणि तिथून मोठ्यानं हसला. "अरं हरेश्वर! सगलंच उलटं हाय रं!"

"धर्मा डावरा नव्हता," नाखवा म्हणाला.

"धर्मा आंदला व्हता," चंद्राबाई म्हणाली. "मरायच्या आदी सहा वर्सं. तू त्याच्या पाया पडायचास तवा तो मना इचारायचा, कोन हाय गो पायाशी, कुत्रा काय? जालं माजं हाय. ह्या हाताचं." आणि तिनं डावा हात चारचौघांत, उन्हात, सरळ वर धरला.

एवढी वर्षं त्या जाळ्याला कुणी तपासलं नव्हतं, कारण धर्माचं काम तपासायची कुणाची छाती नव्हती. आणि आता तपासून उपयोग नव्हता. गेल्या साली बंदरात सगळ्यात जास्त पापलेट त्याच उलट्या जाळ्यात शिरलं होतं.

"धर्माचं नाव घालवलंस, बाय," एक म्हातारी पुटपुटली.

"तो मेला. त्याला नाव काय करायचंय? ह्याला नाव पायजे, घ्यायला पन आनि चढायला पन."

हरेश्वर नाखव्यानं जाळं हातात घेतलं, खाली ठेवलं, परत घेतलं. फेकवत नव्हतं, ठेवावं तर आत्ताच सगळ्यांसमोर काय बोलला ते गिळायला लागत होतं. शेवटी त्यानं घसा खाकरला आणि गावाला उद्देशून, जणू हे त्याच्याच डोक्यातून निघालंय अशा आवाजात बोलला,

"जालं उलट्या गाठीचं असंल तर दर्यात फाटल्यावर ते सुलट्या हातानं सांदून जुलनार न्हाय. एका जाल्यात दोन तऱ्हा नकोत. तवा उलट्या हाताचा एक मानूस नावेवर पायजेच. मी म्हंतो, पायजेच."

"म्हन बाबा," चंद्राबाई म्हणाली. "तूच म्हन."

हिरामणनं उसवलेली गाठ परत घातली. त्या दुपारी तो नावेवर चढला आणि पहिल्याच लाटेला शिडाच्या दोरावर पाय घसरून पाण्यात पडला. भिकू तांडेलानं त्याला केसाला धरून वर ओढलं. तीन दिवस तो नुसता ओकत होता. चौथ्या दिवशी खडकाला लागून जाळं दोन हात फाटलं, आणि नाव परत न फिरवता त्यानं ते भर पाण्यात, हलत्या फळीवर बसून सांधलं. नाव हलत होती, हातही हलत होता. भिकू सांगायचा, दोघं एका तालात हलत होते, म्हणून बाकीच्यांपेक्षा त्याचंच काम सरळ व्हायचं. बाकी खलाशी म्हणून तो काही मोठा झाला नाही. वल्हं त्याच्याकडून सुटायचं ते सुटायचंच. पण पुढं चौदा वर्षं त्या नावेचं जाळं परत किनाऱ्यावर सांधायला आलं नाही. गावात त्याला आता हिरामण म्हणायला लागले, फक्त येसूबाई कोंबडेचोर म्हणायची.

चंद्राबाईचं पुढल्या दारी बसणं सुरू झालं ते तेव्हापासून. पाय पसरून, डाव्या हातानं, विडीसकट. कुणी काही बोललं की म्हणायची, "धर्माची जागा हाय, मोकली कशाला ठेवू?"

दिवाळी झाल्यावर बोंबील यायला लागले. एका बोंबलाच्या जबड्यात दुसऱ्याचा जबडा अडकवायचा आणि ती जोडी दोरावर टाकायची, असं ते काम. दात बारीक, बोटाला टोचतात, आणि हात हलका नसेल तर जबडाच फाटतो. एका सकाळी येसूबाई पडवीसमोर उभी राहिली. तिच्या मागं तिची भाची, रंगू, दहा वर्षांची. रंगूच्या हातांची बोटं जन्मापासून आखडलेली, कळीसारखी मिटलेली, आणि सांगितलेलं दोन-तीनदा सांगावं लागायचं. घरात तिच्या हातातून काही पडलं नाही असा दिवस जायचा नाही.

येसूबाईनं चंद्राबाईकडं न बघता, दाराच्या चौकटीला सांगितल्यासारखं सांगितलं, "पोर हाय. कायतरी शिकव म्हंत्यात."

"कोन म्हंत्यात?"

"कोन न्हाय. मीच."

चंद्राबाईनं टोपलीतले दोन बोंबील उचलून रंगूच्या मिटल्या मुठींत खोचले. एक लगेच खाली पडला.

"अगो नीट धर! सतरांदा सांगितलं तुला, नीट धर म्हनून!" येसूबाई ओरडली, आणि दुसराही पडला.

चंद्राबाईनं दोन्ही बोंबील उचलले, वाळू झटकली, परत पोरीच्या हातात दिले. मग येसूबाईकडं बघून म्हणाली,

"तू आदी घरी जा. हिच्या बोटांत तुजा आवाज बसलाय. पयला तो काडायचा हाय."